विश्लेषण : ओव्हरटेक नेमका कधी संपतो? विश्वविजेता माइक हॉथर्नच्या आयुष्यातून समजून घ्या ट्रॅकवरची जबाबदारी

स्वतःची गाडी घेऊन रेस ट्रॅकवर जायचं, हेल्मेट घालायचं आणि रस्त्यावर कधीच गाठू नये असा वेग तिथे गाठायचा, याला ‘ट्रॅक-डे’ म्हणतात. ही शर्यत नसते. पहिला नंबर नसतो, ट्रॉफी नसते. आपल्याकडे चेन्नईजवळ, कोइमतूरला आणि ग्रेटर नोएडात असे ट्रॅक आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, की सकाळच्या ब्रीफिंगमध्ये वळण कसं घ्यायचं हे सांगतील. तेही सांगतात, पण बराच वेळ जातो तो दुसऱ्याच विषयावर. ओव्हरटेक कसा करायचा आणि आपल्याला कोणी करत असेल तर काय करायचं?

इतकी घासाघीस का, हे समजून घ्यायचं असेल तर माइक हॉथर्न या माणसाचं आयुष्य पाहायला हवं. ब्रिटनचा पहिला फॉर्म्युला वन विश्वविजेता. जगला अवघी २९ वर्षं. १९५३ मध्ये समोरासमोरच्या ओव्हरटेकच्या लढतीने त्याला जगभर नाव मिळालं. १९५५ मध्ये एका ओव्हरटेकनंतर जे घडलं, त्यात ८० हून अधिक माणसं गेली. आणि १९५९ मध्ये साध्या रस्त्यावर केलेला एक ओव्हरटेक त्याचा शेवटचा ठरला.

ट्रॅक-डेला ओव्हरटेकचे नियम काय असतात?

ट्रॅक-डेला सगळ्या प्रकारचे लोक येतात. कोणी आयुष्यात पहिल्यांदाच हेल्मेट घालून स्टिअरिंगमागे बसलेला, तर कोणी दहा वर्षं हेच करणारा. एकाची रोजच्या वापरातली हॅचबॅक, दुसऱ्याची चारशे अश्वशक्तीची स्पोर्ट्स कार. शर्यतीत निदान सगळ्यांकडे रेसिंगचा परवाना असतो. इथे ते बंधन बहुतेक वेळा नसतं. म्हणून आयोजक चालकांना अनुभवानुसार गटांत वाटतात आणि ओव्हरटेकसाठी वेगळे नियम लावतात. आयोजकागणिक ते थोडे बदलतात, पण गाभा तोच राहतो.

नवख्यांच्या गटात ओव्हरटेक फक्त ठरवून दिलेल्या सरळ पट्ट्यांवर करता येतो, वळणात कधीच नाही. तोही पुढच्याने ‘पॉइंट-बाय’ दिल्यावरच. म्हणजे पुढचा चालक खिडकीतून हात बाहेर काढतो आणि कुठल्या बाजूने जायचं ते बोटाने दाखवतो. उजवीकडे बोट केलं तर उजवीकडून, हात छतावरून डावीकडे नेला तर डावीकडून. एक इशारा एकाच गाडीसाठी असतो. मागे तीन गाड्या असतील तर तीनदा हात दाखवायचा. इशारा मिळाला नाही तर मागेच राहायचं, कितीही चिडचिड झाली तरी.

इशारा देणाऱ्याचं काम हात दाखवून संपत नाही. त्याने आपली लाइन सोडायची नाही आणि ॲक्सिलरेटरवरून पाय थोडा उचलायचा. नवखे नेमके इथेच चुकतात. हात बाहेर, पण पाय तसाच दाबलेला. मग दोन्ही गाड्या शेजारी शेजारी पळत पुढच्या वळणाच्या ब्रेकिंगपर्यंत पोहोचतात आणि तिथे जागा एकालाच असते. जास्त ताकदीच्या गाडीतला नवखा चालक तर सगळ्यांची डोकेदुखी असतो. वळणात तो हळू, म्हणून मागे रांग लागते. सरळ पट्टा आला की इंजिनाच्या जोरावर पुढे निघून जातो. त्याला प्रामाणिकपणे वाटत असतं, की आपण कोणालाच अडवत नाही आहोत. मार्शल निळा झेंडा दाखवतात तो अशांसाठीच : मागे वेगवान गाडी आहे, आरशात बघ.

पण काही बिघडलं तर पहिली जबाबदारी बहुतेक ठिकाणी ओव्हरटेक करणाऱ्याचीच धरली जाते. पुढच्याने हात दाखवला म्हणजे जाण्याची मुभा मिळाली. रस्ता मोकळा आहे याची खात्री स्वतःच करायची.

पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबवण्याच्या जागेत, शिरायचं असेल तर आधीच्या वळणापासूनच हात वर करायचा, पिटच्या बाजूला कडेला यायचं आणि जोराचा ब्रेक पिटच्या लेनमध्ये शिरल्यावरच मारायचा. दुसऱ्याच्या पुढ्यात मारायचा नाही. हा नियम लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

हॉथर्न मुळात कोण होता?

जॉन मायकल हॉथर्नचा जन्म १० एप्रिल १९२९ रोजी इंग्लंडमध्ये यॉर्कशरमधल्या मेक्सबरो इथे झाला. वडील लेस्ली यांना मोटारी आणि मोटारसायकलींचं वेड. त्यांनी दक्षिणेला सरे परगण्यात फार्नम इथे गॅरेज घेतलं, कारण तिथून ब्रुकलँड्सचा ट्रॅक जवळ होता. १९०७ मध्ये खास मोटार शर्यतींसाठी बांधलेला हा ट्रॅक. म्हणजे पोरगं वाढलं ते ऑइल आणि पेट्रोलच्या वासात.

दुसऱ्या महायुद्धात ब्रुकलँड्स बंद पडला तो कायमचाच. युद्धानंतर ब्रिटनमध्ये विमानतळांच्या धावपट्ट्या आणि कडेचे रस्ते रिकामे पडले होते. तिथेच नवे ट्रॅक उभे राहिले. गुडवुड हा त्यातलाच एक, १९४८ मध्ये सुरू झालेला. आठवडाभर नोकरी-धंदा करायचा आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःची गाडी घेऊन ट्रॅकवर जायचं, अशी हौशी क्लब रेसिंगची लाट तिथे आली. आजच्या ट्रॅक-डेचं मूळ शोधायचं तर ते या हौशी मंडळींपर्यंत जातं. हॉथर्न त्यांच्यातलाच. सप्टेंबर १९५० मध्ये ब्रायटनच्या स्पीड ट्रायल्समध्ये तो जुन्या रायली गाडीतून उतरला आणि आपल्या गटात जिंकला. १९५१ मध्ये गुडवुडच्या क्लब शर्यतींतली वर्षभराची ट्रॉफी त्याने नेली.

तिथून पुढची उडी थक्क करणारी आहे. एप्रिल १९५२ मध्ये ईस्टरच्या सोमवारी गुडवुडलाच त्याने कूपर-ब्रिस्टल गाडीतून एकाच दिवसात दोन शर्यती जिंकल्या आणि तिसरीत दुसरा आला. वर्षभरात फेरारीने त्याला करारबद्ध केलं. दोन वर्षांपूर्वी जो रायली घेऊन हौस भागवत होता, तो आता इटलीच्या लाल गाडीत होता. उंचपुरा, सोनेरी केसांचा, शर्यतीतही गळ्यात बो टाय. फ्रेंच लोक त्याला फुलपाखरू म्हणत.

१९५३ ची ती लढत इतकी गाजली का?

५ जुलै १९५३. फ्रान्समधल्या रँसचा ट्रॅक म्हणजे शेतांमधून जाणारे लांबच लांब सरळ रस्ते. अंतर जवळपास ५०० किलोमीटर, वेळ पावणेतीन तास. शेवटच्या टप्प्यात हॉथर्नची फेरारी आणि हुआन मॅन्युएल फॅन्जिओची मझेराटी चाकाला चाक लावून पळत होत्या. फॅन्जिओ १९५१ चा विश्वविजेता, वय ४२. हॉथर्न २४ वर्षांचा.

अशा रस्त्यावर पुढच्या गाडीच्या मागे हवेचा विरोध कमी होतो. मागचा त्या पोकळीत शिरतो, वेग घेतो, बाहेर पडतो आणि पुढे जातो. मग पुढचा मागे आलेला असतो आणि तोही तेच करतो. हे फेरीमागून फेरी चाललं. शेवटच्या वळणातून हॉथर्न सरस बाहेर पडला आणि एका सेकंदाने जिंकला. जागतिक अजिंक्यपद मालिकेत ग्रां प्री जिंकणारा तो पहिला ब्रिटिश चालक.

इतक्या जवळून, इतक्या वेगात हे करता आलं, कारण दोघांनाही समोरचा पुढच्या क्षणी काय करेल याचा अंदाज होता. दोघांच्या गाड्या साधारण सारख्या होत्या, दोघं कसलेले होते आणि दोघांनीही एकमेकांसाठी जागा सोडली. यातली एक जरी गोष्ट कमी झाली तर काय होतं, ते दोन वर्षांनी दिसलं.

मधलं १९५४ हे वर्ष वाईट गेलं. सिराक्यूझच्या शर्यतीत तो भाजला. जूनमध्ये गुडवुडहून परतताना वडिलांचा रस्त्यावरच अपघाती मृत्यू झाला. वर लष्करी सेवा चुकवतो म्हणून ब्रिटिश वर्तमानपत्रांनी त्याला झोडपलं. प्रत्यक्षात त्याला मूत्रपिंडाचा गंभीर आजार होता.

११ जून १९५५ ला नेमकं काय घडलं?

ल माँची २४ तासांची शर्यत फ्रान्समध्ये होते. फेरी सुमारे साडेतेरा किलोमीटरची. इथे वेगवेगळ्या ताकदीच्या गाड्या एकत्र धावतात, हे तिचं वैशिष्ट्य आणि तोच धोका. सर्वांत वेगवान गाड्यांच्या वाटेत छोट्या इंजिनाच्या, कितीतरी हळू गाड्या सतत येत असतात. चालकही तसेच. काही व्यावसायिक, काही हौशी.

हॉथर्न त्या दिवशी जग्वार डी-टाइपमध्ये होता. मर्सिडीजमध्ये फॅन्जिओ. दुपारी चारला शर्यत सुरू झाली आणि २४ तास पुरवायच्या असतात हे विसरल्यासारखे दोघं पहिल्या दोन तासांत एकमेकांच्या मागे लागले. हॉथर्नने एक फेरी ४ मिनिटं ६.६ सेकंदांत मारून विक्रम केला.

संध्याकाळी साडेसहाच्या जरा आधी, ३५व्या फेरीच्या शेवटी, हॉथर्नला पेट्रोलसाठी पिटमध्ये यायचं होतं. तेव्हाच्या ल माँमध्ये पिटसाठी वेगळी लेन नव्हती. मध्ये भिंतही नव्हती. मुख्य रस्त्याच्या उजव्या कडेलाच गाड्या थांबत आणि डाव्या कडेला, मातीच्या बुटक्या बांधामागे प्रेक्षक दाटीवाटीने उभे असत. शिवाय त्या जागी रस्त्याला हलकासा बाक होता.

हॉथर्नने आधी मर्सिडीजच्या पिएर लेवेगला मागे टाकलं. मग ऑस्टिन-हीली चालवणाऱ्या लान्स मॅकलिनला. मॅकलिनच्या पुढे गेल्यावर तो उजवीकडे आला आणि पिटसाठी ब्रेक मारला. जग्वारला डिस्क ब्रेक होते आणि ती झपाट्याने मंदावली. मॅकलिनच्या समोर अचानक एक थांबू पाहणारी गाडी आली. त्यानेही ब्रेक मारला, पण पुरेना. तो डावीकडे वळला. डावीकडून मागून लेवेग ताशी २०० किलोमीटरहून कितीतरी जास्त वेगात येत होता. त्याची मर्सिडीज हीलीच्या मागच्या भागावर चढली, हवेत उडाली आणि बांधावर आदळून फुटली. इंजिन, पुढचा आस, बॉनेट गर्दीतून आरपार गेले. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची बॉडी पेटली. लेवेग जागीच गेला. त्याच्यासह ८० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. मोटार शर्यतींच्या इतिहासातली ही आजवरची सर्वांत मोठी दुर्घटना आहे.

लेवेगबद्दल दोन ओळी लिहायलाच हव्यात, कारण या गोष्टीत त्याला बहुतेक जण नुसता मरणारा म्हणून आठवतात. तो ४९ वर्षांचा फ्रेंच चालक. १९५२ मध्ये याच शर्यतीत त्याने साथीदाराला स्टिअरिंग न देता जवळपास २३ तास एकट्याने गाडी चालवली होती. तो आघाडीवर होता आणि शेवटच्या तासाभरात इंजिनाने दगा दिला. १९५५ मध्ये तो वेगाच्या लढतीत नव्हताच. त्याच्या मागे त्याच्याच संघाचा फॅन्जिओ येत होता. फॅन्जिओने पुढे कायम सांगितलं, की आदळण्याच्या क्षणभर आधी लेवेगने हात वर केला आणि त्या इशाऱ्यामुळेच आपल्याला सावध होऊन मधून निसटता आलं. तो हात खरंच इशारा होता की भीतीने आपोआप वर गेला, यावर वाद आहे. आज ट्रॅक-डेला हात वर करायला शिकवतात, तेव्हा मला तरी हा हात आठवतो.

मग दोष कोणाचा?

हा प्रश्न ७० वर्षं चघळला गेला आहे. हॉथर्नची बाजू अशी, की आपण मॅकलिनच्या पुरेसे पुढे गेलो होतो, ब्रेक मारायला आपल्याकडे जागा होती आणि मॅकलिनने आरशात न बघता वळवलं. मॅकलिनची बाजू अशी, की पुढे घुसून कोणी पूर्ण ताकदीने ब्रेक मारला तर दुसरा पर्यायच उरत नाही. फ्रेंच अधिकृत चौकशीने कोणाही चालकाला दोषी धरलं नाही. त्या वेगाच्या गाड्यांसाठी ट्रॅकची रचनाच जुनाट होती, असा तिचा निष्कर्ष.

चौकशीचा निष्कर्ष मला पटतो, पण अर्धाच. अपघात माणसाच्या चुकीने झाला असेल, ८० जण मात्र बांधाच्या आणि पिटच्या रचनेमुळे मेले. वेगळी लेन असती तर हॉथर्नला मुख्य रस्त्यावर ब्रेक मारावाच लागला नसता. तरीही एक प्रश्न उरतो. त्या रस्त्यावर, त्याच रचनेत, मॅकलिनला ओव्हरटेक करण्याचा निर्णय एकट्या हॉथर्नचा होता. काही सेकंद मागे राहून, मॅकलिनच्या मागूनच पिटमध्ये शिरणं शक्य होतं.

इथे इंजिनीअरिंगचं थोडं गणित करू. हे आकडे ल माँचे नाहीत, फक्त कल्पना यावी म्हणून. दोन गाड्या ताशी २०० किलोमीटरने एकामागे एक चालल्या आहेत, म्हणजे सेकंदाला साधारण ५६ मीटर. पुढच्या गाडीचे ब्रेक उत्तम, ती १५७ मीटरमध्ये थांबते. मागच्या गाडीचे ब्रेक २० टक्क्यांनी कमी, तिला १९७ मीटर लागतात. हा फरक झाला ४० मीटरचा. मागच्या चालकाला ब्रेकवर पाय जायला पाऊण सेकंदाहून थोडं कमी, समजा ०.७ सेकंद लागले, तर आणखी ३९ मीटर. म्हणजे दोघांत जवळपास ८० मीटर अंतर हवं. चार मीटरच्या वीस गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होईल इतकं! आपल्या गाडीचं नाक समोरच्याच्या नाकापुढे गेलं की ओव्हरटेक झाला, असं आपल्याला वाटतं. या हिशोबाने तो तेव्हा कुठे सुरू झालेला असतो. आपल्यामुळे मागच्याला काहीही करावं लागणार नाही, इतकं अंतर पडेपर्यंत तो संपत नाही. आणि ब्रेक जितके चांगले, तितकी ही जबाबदारी वाढते. ही बाब मलाही आधी उलटी वाटली होती.

ओव्हरटेक केल्याबरोबर ब्रेक मारायचा नाही आणि पिटमध्ये जायचं असेल तर कोणाला मागे टाकायचंच नाही, असं ट्रॅक-डेला बजावतात ते यासाठी.

त्या संध्याकाळी हॉथर्न आपला पिट ओलांडून पुढे जाऊन थांबला. गोंधळातून बाहेर काढण्यासाठी संघाचे व्यवस्थापक लॉफ्टी इंग्लंड यांनी त्याला आणखी एक फेरी मारायला पाठवलं. तो परतला तेव्हा पुरता कोलमडलेला होता. मॅकलिनच्या सांगण्यानुसार, त्या वेळी हॉथर्नने त्याच्याजवळ चूक कबूल केली होती आणि नंतर ती नाकारली. शर्यत थांबवली नाही. बाहेर पडणाऱ्या गर्दीने रुग्णवाहिकांची वाट अडेल, असं कारण आयोजकांनी दिलं. मध्यरात्रीनंतर आघाडीवर असलेल्या मर्सिडीजने आपल्या गाड्या काढून घेतल्या. जग्वार धावत राहिली. दुसऱ्या दिवशी हॉथर्न आणि त्याचा साथीदार आयव्हर ब्यूब जिंकले. शॅम्पेनची बाटली हातात घेतलेल्या, हसऱ्या हॉथर्नचा फोटो छापून आला आणि फ्रान्समध्ये लोक भडकले.

ल माँचे पिट पाडून मागे सरकवून नव्याने बांधले गेले. अनेक देशांनी शर्यती काही काळ थांबवल्या. स्वित्झर्लंडने घातलेली बंदी तर अनेक दशकं टिकली.

विश्वविजेतेपद आणि न केलेला ओव्हरटेक

हॉथर्न वाईट माणूस होता का? १९५८ चं वर्ष पाहिलं तर तसं म्हणवत नाही. ६ जुलैला पुन्हा रँस. हॉथर्न फेरारीत, शर्यत त्याच्या खिशात. याच शर्यतीत त्याचा पाठलाग करताना संघातला साथीदार लुइजी मुसो रस्त्याबाहेर जाऊन मरण पावला. फॅन्जिओची ही शेवटची ग्रां प्री होती. पाच वेळचा विश्वविजेता आता कमकुवत गाडीत मागे पडला होता आणि अखेरीस हॉथर्न त्याला एक पूर्ण फेरी मागे टाकण्याच्या बेतात होता. हॉथर्नने ब्रेक मारला. फॅन्जिओला आपल्या आधी रेषा ओलांडू दिली, म्हणजे त्याच्या पूर्ण ५० फेऱ्या झाल्या. नियमात कुठेही हे लिहिलेलं नव्हतं.

महिन्याभरात, ३ ऑगस्टला, जर्मनीत न्यूरबुर्गरिंगवर त्याचा जिवलग मित्र पीटर कॉलिन्स गेला. टोनी ब्रुक्सने या दोघांना मागे टाकलं होतं आणि कॉलिन्स त्याला पुन्हा गाठू पाहत होता. एका वळणात गाडी बाहेर गेली. हॉथर्न बरोबर मागे होता. सगळं त्याच्या डोळ्यांसमोर घडलं.

हाच न्यूरबुर्गरिंगचा जुना ट्रॅक, सुमारे २०.८ किलोमीटरचा नॉर्डश्लाइफं, आज जगातल्या हौशी चालकांची पंढरी आहे. ठरावीक दिवशी तिकीट काढून कोणीही आपली गाडी तिथे नेऊ शकतो. पण त्या वेळी तो कायद्याने टोल रस्ता असतो आणि जर्मनीचे वाहतूक नियमच लागू होतात. उजवीकडून चालायचं, डावीकडूनच ओव्हरटेक करायचा, आरसे बघायचे, इंडिकेटर द्यायचा. रेस ट्रॅकवर इंडिकेटर म्हणजे काहींना गंमत वाटते. वेगवेगळ्या वेगाच्या अनोळखी लोकांना एकमेकांशी बोलायला दुसरी भाषा नाही.

भाषा चुकली तर काय होतं याचं सौम्य उदाहरणही त्याच वर्षीचं. २४ ऑगस्टला पोर्तुगालच्या पोर्टो शहरात स्टर्लिंग मॉस आघाडीवर होता. सर्वांत वेगवान फेरीसाठी तेव्हा एक गुण मिळे. हॉथर्नने ती मारली, हे सांगणारी पिटमधली पाटी मॉसने चुकीची वाचली आणि जोर लावला नाही. शर्यत संपल्यावर हॉथर्नवर गाडी उलट दिशेने नेल्याचा आक्षेप आला. त्याच्या बाजूने साक्ष दिली ती मॉसने. गाडी ट्रॅकवर नव्हे, बाजूच्या पदपथावर होती, असं त्याने सांगितलं. हॉथर्नचे गुण वाचले. १९ ऑक्टोबरला कॅसाब्लांकाला साथीदार फिल हिलने त्याला वाट करून दिली, हॉथर्न दुसरा आला आणि ४२ विरुद्ध ४१ गुणांनी विश्वविजेता झाला. मॉसने त्या वर्षी चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथर्नने एक. कॅसाब्लांकाला भाजलेला तरुण चालक स्टुअर्ट लुइस-इव्हान्स सहा दिवसांनी वारला. हॉथर्नने निवृत्ती जाहीर केली.

हे आपल्याशी कुठे जोडलेलं आहे?

ट्रॅकवर जाण्याचा विचार असेल तर एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडच्या मोटार विमा पॉलिसीवर गाडीच्या वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी त्यातून वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च तुमच्याच खिशातून जाण्याची शक्यता मोठी आहे. बहुतेक ठिकाणी सकाळी सही करून घेतलेल्या कागदावर, धोका मला मान्य आहे, असंही लिहिलेलं असतं. सही करण्याआधी तो वाचा. आणि ओव्हरटेक होत असताना वेग वाढवायचा नाही, हा फक्त ट्रॅकचा शिष्टाचार नाही. आपल्या वाहतूक नियमांतही तो आहे. घाटात किती जण पाळतात, ते सोडून देऊ.

२२ जानेवारी १९५९

निवृत्त विश्वविजेता आता वडिलांचं गॅरेज सांभाळत होता. लग्न ठरलं होतं. त्या दिवशी तो आपली जग्वार ३.४ घेऊन लंडनकडे निघाला. गिलफर्डच्या बायपासवर रस्ता ओला होता, वारा जोराचा होता. पुढे एक मर्सिडीज ३०० एसएल दिसली. आत ओळखीचा माणूस, रॉब वॉकर, रेसिंग संघाचा मालक. मॉस त्याच्यासाठी गाडी चालवायचा.

हॉथर्नने वॉकरला मागे टाकलं. ओव्हरटेक झाला आणि त्यानंतर जग्वार त्याच्या हातातून सुटली. ती समोरून येणाऱ्या ट्रकला घासली आणि आडवी होत कडेच्या झाडावर आदळली. वॉकर गाडी थांबवून धावत गेला. हॉथर्न वाचला नाही.

चौकशीत वॉकरने दोघांच्या वेगाबद्दल बोलायचं टाळलं. अपघाती मृत्यू असा निकाल लागला. ते दोघं त्या सकाळी शर्यत लावत होते, हे वॉकरने पुष्कळ वर्षांनी मान्य केलं.

१९५८ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात हॉथर्नने ल माँच्या दुर्घटनेतून स्वतःला मोकळं केलं होतं. वाचणाऱ्याच्या मनात दोष मॅकलिनवर जाईल, अशी ती मांडणी होती. मॅकलिनने त्याच्यावर बदनामीचा दावा ठोकला. तो निकाली निघण्याआधीच गिलफर्डचा अपघात झाला आणि दाव्यात प्रतिवादीच उरला नाही.